कर्णबधिरांना नाद कसा कळतो

आकाशवाणीवरचे भाषण केवळ कानांसाठी असते. आजचे भाषण ज्यांच्याविषयी आहे, त्यांच्यापर्यंत ते या वाटेने पोहोचावयाचे नाही. मासिकाच्या पानावर छापून आले म्हणजे मात्र त्यांना ते वाचता येईल. ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतलेली बरी. कारण कर्णबधिरांविषयी आजवर जे पुष्कळ बोलले गेले, ते बहुधा त्यांच्या पाठीमागेच बोलले गेले. त्यांचे जग म्हणजे निव्वळ शांतता, आवाज म्हणून काही असतो हे त्यांच्या गावीही नसते, अशी समजूत चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतूनही आढळते. ही समजूत खरी नाही. आणि ती नुसती चुकीची असती तर फारसे बिघडले नसते. परंतु तिच्यापायी कित्येक मुलांची उमेदीची वर्षे वाया जातात, म्हणून तिचा विचार करणे अगत्याचे आहे.

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, संत्र्यांच्या बागांच्या मुलखात, नरखेड हे तालुक्याचे गाव आहे. दिल्ली आणि चेन्नई यांना जोडणारा हाच मार्ग असल्यामुळे येथून गाड्यांची ये-जा अहोरात्र चालू असते. या स्टेशनाच्या फलाटावर, जवळपासच्या एखाद्या खेड्यातला सात-आठ वर्षांचा कर्णबधिर मुलगा बापाचा हात धरून उभा आहे असे समजा. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही. लांबून न थांबणारी मालगाडी येते. मुलाची पाठ रुळांकडे आहे. तरी गाडी जवळ येताच तो वळून पाहतो. त्याच्या तळपायांना फलाटाची थरथर जाणवली आहे, टेकून उभा असलेल्या बाकाची फळी थरारली आहे, आणि डबे समोरून धडधडत जाऊ लागले तेव्हा त्याच्या छातीत व पोटात काहीतरी घुमले आहे. बापाच्या कानांनी जे टिपले, त्यातला एक भाग मुलाच्या अंगाने टिपला. मग त्याला काहीच ऐकू आले नाही असे म्हणावे काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आवाज म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. शाळेच्या पुस्तकात सर्वांनी वाचलेच आहे की, वस्तू कंप पावते, तिच्यामुळे हवा कंप पावते आणि तो कंप लहरींच्या रूपाने सर्वत्र पसरतो. माणसाच्या कानाला दर सेकंदास सुमारे २० पासून २०,००० पर्यंतची कंपने नाद म्हणून कळतात. कानाच्या पडद्यावर लहर आदळते. हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांतून ती आतल्या शंखाकृती नळीत जाते. तेथील सुमारे पंधरा हजार केसल पेशी त्या हालचालीचे रूपांतर विद्युत्‌संदेशात करतात, आणि तो संदेश मेंदूस पोहोचला म्हणजे आपण ‘ऐकले’ असे म्हणतो. परंतु हवेतला कंप काही केवळ कानांपाशी येऊन थांबत नाही. तो भिंतीत, जमिनीत, लाकडात आणि हाडामांसातही शिरतो. त्वचेच्या खोल थरांत कंप ओळखणाऱ्या सूक्ष्म गाठी असतात. त्यांना सेकंदास सुमारे हजार कंपनांपर्यंत जाणीव होते, आणि अडीचशेच्या आसपासची कंपने त्यांना सर्वांत चांगली कळतात. म्हणून तबल्याच्या डग्ग्याची घुमक, ढोलाचा ठोका, पुरुषाचा भारदस्त आवाज हे स्पर्शाच्या आटोक्यातले आहेत. बासरीची उंच तान किंवा पाखराची किलबिल ही मात्र त्या आटोक्याबाहेर राहते. सारांश, स्पर्श हा कानाच्या मानाने अगदी अरुंद दरवाजा आहे. पण दरवाजा आहे खरा.

या दरवाजातून किती आत जाता येते याची काही उदाहरणे जगप्रसिद्ध आहेत. हेलन केलर या अमेरिकन विदुषीस दृष्टीही नव्हती आणि श्रवणही नव्हते. १९२४ सालच्या फेब्रुवारीत एके रात्री न्यूयॉर्कहून बीथोव्हनची नववी सिंफनी रेडिओवर प्रक्षेपित होत होती. घरातील कोणी त्यांना सुचविले म्हणून त्यांनी रेडिओच्या ध्वनिपटलावर हलकेच बोटे ठेवली, आणि वाद्यांचा ताल व कंठसंगीताची उसळी त्यांना बोटांतून उमगत गेली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या वाद्यवृंदास आभाराचे पत्र लिहिले. ज्याने ती रचना केली तो बीथोव्हन स्वतः त्या वेळी बहिरा झालेला होता, हा योगायोग त्यांच्याही ध्यानात होता. केलरबाई १९५५ साली भारतात येऊन गेल्या. फोनोग्राफचा जनक एडिसन याला लहानपणापासून कमी ऐकू येई. तो यंत्राच्या लाकडी पेटीला दात लावून नाद हाडांवाटे घेत असे, आणि त्याच्या दातांच्या खुणा त्या लाकडावर राहिल्या आहेत. आजच्या काळातली एव्हलिन ग्लेनी ही स्कॉटलंडची तालवादक वयाच्या बाराव्या वर्षी जवळजवळ पूर्ण बधिर झाली. तिच्या शिक्षकाने तिला भिंतीवर तळहात टेकवून नगाऱ्याचे स्वर ओळखावयास शिकविले. खर्जाचे स्वर पायांत आणि वरचे स्वर मान व चेहऱ्यापाशी जाणवतात हे तिने अभ्यासाने ठरविले. रंगमंचावर ती अनवाणी उभी राहते, ती याच कारणाने.

परंतु इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. नरखेड तालुक्यातल्या त्या मुलाला बागेतला मोटारपंप चालू आहे की बंद, हे नळीला हात लावताच कळते. चालू पंपाची लय बिघडली तर ते बापाच्या आधी त्याच्या हाताला समजण्याचाही संभव आहे. भजनाच्या रात्री खंजिरी वाजविणाऱ्याच्या शेजारी बसून जमिनीवर तळहात टेकले म्हणजे ठेका त्याच्या अंगात उतरतो. आणि त्याच्या मेंदूत काय घडते तेही आता थोडे कळू लागले आहे. १९९८ साली फिनलंडमधील संशोधकांनी एका जन्मबधिर माणसाच्या तळहातास कंपने देऊन त्याच्या मेंदूचे निरीक्षण केले. ऐकू येणाऱ्यांच्या मेंदूचा जो भाग ध्वनीसाठी राबतो, तोच त्याच्या बाबतीत या कंपनांनी जागा झाला. कानांकडून काम आले नाही म्हणून मेंदूचे ते दालन ओसाड पडले नव्हते. स्पर्शाने तेथे बिऱ्हाड केले होते.

आता दुसरी गोष्ट. ‘बहिरा’ हा शब्द एक असला तरी बहिरेपणा एक नाही. बाह्य किंवा मध्यकर्णात अडथळा असेल तर नाद आत पोहोचत नाही. तो पुष्कळदा औषधाने अथवा शस्त्रक्रियेने दूर होतो. आतल्या शंखातील पेशी किंवा मज्जातंतू दुबळे असतील तर गोष्ट निराळी. ऐकण्यातली तूट डेसिबल या मापाने मोजतात. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या टप्प्यातली तूट ७० डेसिबल असेल त्यास बधिर, आणि ६० ते ७० च्या दरम्यान असेल त्यास ऊनश्रवणाचा मानतात. अगदी काहीच ऐकू येत नाही अशी माणसे त्यांतही थोडी. कित्येकांच्या कानांत बाहेर काही नसताना सतत घंटा किंवा रातकिडे वाजत असतात. तेव्हा बधिरांचे जग म्हणजे शांतता, ही कल्पना येथेही टिकत नाही.

घरोघरच्या वृद्ध मंडळींचा अनुभव याच प्रकारात मोडतो. आजोबा म्हणतात, “आवाज येतो रे, पण शब्द कळत नाही.” नातवंडांना ते ढोंग वाटते. वस्तुतः आजोबांचे म्हणणे अक्षरशः खरे असते. वार्धक्यात प्रथम उंच पट्टीचे ऐकणे जाते. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस असतात. स, श, त, फ या व्यंजनांतला फुत्कार उंच पट्टीचा आणि नाजूक असतो. स्वर कानी येतात, व्यंजने गळतात, आणि शब्दाचा नुसता सांगाडा हाती राहतो. अशा वेळी ओरडून उपयोग नसतो. ओरडण्याने स्वरच तेवढे फुगतात आणि चेहरा मात्र रागीट दिसतो. समोर बसून, उजेड आपल्या तोंडावर पडेल असे पाहून, बेताच्या गतीने बोलावे, आणि एक वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगावे, हा खरा उपाय.

येथे कोणी म्हणेल की, तोंडाकडे पाहून सर्वच कळते ना? तसे असते तर फार बरे झाले असते. श्रोत्यांनी आरशासमोर उभे राहून, आवाज न काढता, तीन शब्द म्हणून पाहावेत : पाळ, बाळ, माळ. ओठांची हालचाल तिन्हींची एकच. कानाची पाळ, पाळण्यातले बाळ आणि गळ्यातली माळ यांतले कोणते म्हटले, हे ओठांवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. क, ख, ग ही अक्षरे तर घशात होतात, ती ओठांवर दिसतच नाहीत. म्हणजे ओठ वाचणारा मनुष्य निम्मे पाहतो आणि उरलेले अदमासाने भरतो. हा अदमास त्याला साधतो तो भाषा आधीच येत असली तर. जो वयाच्या चाळिशीत बहिरा झाला, त्याच्यापाशी ती पुंजी असते. जो जन्मतःच बहिरा आहे, त्याने अदमास कशाच्या जोरावर करावा? सगळ्या प्रश्नाची गाठ येथेच आहे.

कर्णबधिर मुलाला आवाज ‘समजतो’ तो केवळ कंपनातून नव्हे. तो त्याला दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून समजतो. पोळ्याच्या दिवशी गावाबाहेर तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात आणि झडत्या म्हणण्याची चढाओढ लागते. मुलगा बापाच्या खांद्यावर बसून पाहतो. एका माणसाचे तोंड हलते, आणि शंभर माणसे एकाच क्षणी खो खो हसतात. त्या माणसाच्या तोंडातून असे काही तरी निघाले की, जे कोणाला दिसले नाही पण सर्वांना एकदमच मिळाले, हे त्याला उमगते. घरात आई चुलीपाशी पाठमोरी बसली असता दाराकडे न पाहताच उठते आणि दारात पाहुणा उभा असतो. तेव्हा ही वस्तू भिंतीच्या आडूनही येते, हेही त्याला कळते. भांडे आपटले की मोठी माणसे दचकतात, जेवताना तोंडाचा मचमच असा आवाज झाला की बहीण कोपर मारते, आजीच्या खोलीत पाय घासत चालू नये. असे आवाजाचे शिष्टाचार तो एकेक करून शिकतो, आणि ज्याची त्याला स्वतःला प्रचीती नाही त्याचे नियम मात्र निमूटपणे पाळतो. आवाजाविषयी त्याचे ज्ञान शून्य तर नसतेच. ते परक्या देशाच्या कायद्यासारखे कष्टाने मिळविलेले असते.

मुलाला ‘मुका’ म्हणणे हाही असाच अन्याय आहे. त्याचा कंठ, जीभ, ओठ सर्व शाबूत असते. जे कधी ऐकले नाही, ते त्याला म्हणता येत नाही, एवढेच. आणि कंठाला शब्द सुचत नसला तरी हाताला सुचतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, खुणांची भाषा वापरणाऱ्या आईबापांची बधिर तान्ही मुले, इतर मुले ज्या वयात बोबडे बोलू लागतात त्याच सुमारास, हातांनी बोबडे बोलतात. भाषेची भूक जन्मजात आहे. ती कानाने भागवावी की डोळ्याने, हा पुढचा प्रश्न.

दुर्दैवाने पुढचा प्रश्नच फार काळ मोठा मानला गेला. १८८० साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. तीत स्वतः बधिर असलेले शिक्षक जवळजवळ नव्हतेच. शाळांतून खुणांची भाषा काढून टाकावी आणि केवळ तोंडी बोलणे शिकवावे, असा ठराव तेथे झाला, आणि जगभर त्याचा अंमल बसला. आपल्या देशातली अशी पहिली शाळा त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांतच बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मुंबईत निघाली. नागपुरातही शंकरनगर भागात मूकबधिर विद्यालय आहे. अशा शाळांतल्या शिक्षकांनी फुग्यावर बोटे टेकवून, स्वतःच्या गळ्यावर मुलाचा हात ठेवून, एकेक अक्षर मुलांच्या तोंडी आणण्यासाठी जे श्रम केले आहेत, त्यांना तोड नाही. त्या श्रमांतून कित्येक मुले बोलू लागली. परंतु सर्वांना ते साधले नाही. आणि ज्यांना साधले नाही, त्यांच्या हातची भाषाही ‘माकडचाळे’ म्हणून हिरावली गेली. १९६० साली अमेरिकेत विल्यम स्टोकी या अध्यापकाने खुणांच्या भाषेलाही रीतसर व्याकरण असते हे सप्रमाण दाखविले, तेव्हा विद्वानांचे मत हळूहळू पालटले. २०१० साली व्हँकुव्हर येथे भरलेल्या परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. तोपर्यंत १३० वर्षे निघून गेली होती. आपल्याकडे १९८३ साली मुंबईस वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली; २०१५ साली दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघाले, आणि त्याच्या कोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांच्या खुणा संग्रहित झाल्या.

आता पुन्हा नरखेडकडे वळू. त्या मुलाच्या आईला, मूल सहा महिन्यांचे असताना शंका आली होती असे समजा. हाक मारली तर ते वळत नाही. तिने सासूला सांगितले. सासूने पाळण्यामागे जाऊन थाळी वाजविली. बाळ दचकले! घरात सर्वांना हायसे वाटले. “ऐकू येते हो, उशिरा बोलेल, त्याचा बापही उशिराच बोलला होता,” असा निकाल लागला. पण बाळ कशाने दचकले? थाळीच्या दणक्याने हवा हलली, पाळण्याची दांडी थरथरली, भिंतीवर सावली सरकली. जी स्पर्शाची शक्ती या मुलाची मोठी पुंजी आहे, तिनेच येथे घरच्यांना फसविले. शिवाय पहिले काही महिने बधिर बाळही इतरांप्रमाणे हुंकार देते, त्यामुळे फसगत अधिकच पक्की होते. अशा रीतीने एक वर्ष जाते, दोन जातात, तीन जातात. आणि भाषा ज्या वयात पाण्यासारखी आपोआप मुरते, ते वय ‘बोलेल, बोलेल’ म्हणण्यात निघून जाते. हे नुकसान पुढे कोणत्याही शाळेस पूर्णपणे भरून काढता येत नाही.

म्हणून थाळीवर विसंबू नये. निजलेल्या तान्ह्या बाळाचीही श्रवणपरीक्षा आता यंत्राने करता येते. तिला बोलण्याची वा उत्तर देण्याची गरज नसते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, तेव्हा अंगणवाडीत तपासणीचे पथक आले म्हणजे शंका मनात न ठेवता सांगावी. तूट आढळली तर श्रवणयंत्र लवकर लावावे. शंखातील पेशी निकामी असतील तर कॉक्लिअर इम्प्लांट नावाचे उपकरण शस्त्रक्रियेने बसवितात. ते मज्जातंतूला थेट विद्युत्‌संदेश देते. मात्र तेही लहान वयातच बसवावे लागते, आणि पुढे दीर्घकाळ शिकवणी चालवावी लागते. त्यातून मिळणारा नाद हा आपल्या कानांतला नाद नव्हे. मेंदूला तो नव्याने वाचावयास शिकावे लागते. कोणाला हे साधेल, कोणाला साधणार नाही. परंतु हातांची भाषा त्याच वेळी घरात सुरू करावयास कोणाची आडकाठी आहे? खुणा शिकविल्या तर मूल बोलणार नाही, ही भीती सोडून द्यावी. बहुतेक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. म्हणून भाषा शिकण्याचे काम मुलाइतकेच आईबापांवर, भावंडांवर, आजीआजोबांवर येऊन पडते.

समाजाचेही याबाबत एक कर्तव्य आहे. याच तालुक्यात मोवाड हे वर्धा नदीकाठचे गाव. ३० जुलै १९९१ रोजी नदीला आलेल्या महापुराने ते उद्ध्वस्त झाले आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. अशा प्रसंगी आपल्या सर्व सूचना हाका, घंटा आणि भोंगे यांच्याच रूपाने निघतात. ज्याला हाक पोहोचत नाही, त्याच्या दारी कोणी धावत जावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. दिवा उघडझाप करावा, खांद्याला हात लावून उठवावे, भ्रमणध्वनीवर लेखी संदेश पाठवावा. मालगाडीचा कंप फलाटावर कळतो, पण रुळ ओलांडताना तो वेळेवर कळेलच असे नाही. पुराचे पाणी तर पुष्कळदा कंपाआधीच येते. स्पर्शाच्या सामर्थ्याचे कौतुक करताना त्याच्या मर्यादेचाही विसर पडू देऊ नये.

फलाटावरची मालगाडी एव्हाना निघून गेली आहे. मुलगा छातीवर हात ठेवून, मग तो हात दूर नेत, गाडी गेली असे बापाला सांगतो आहे. ही खूण त्याला कोणी शिकविली नाही. ती त्याची त्याने रचली. बापाला ती कळली आणि त्याने तशीच खूण करून उत्तर दिले, तर त्या फलाटावर संभाषण झाले. बापाने ती पाहिलीच नाही, तर मात्र मुलगा खरोखरीच शांततेत उभा राहिला असे म्हणावे लागेल.